पोर्फियादा

सात वर्षं झाली, मी चित्र काढलं नाही.
म्हणजे काढली तीन-चार,
पण ती चित्रं नव्हती, चित्रांसारखी होती.
सांतियागोच्या गॅलरीत एका बाईनं मान तिरकी करून म्हटलं होतं,
'छान आहे. बेटावरचं वाटतं.'
त्या 'वाटतं'चं कुसळ
अजून कुठेतरी रुतून आहे, दिसत नाही, ठसठसतं.

मग परतले दालकावेला.
होड्यांवर नंबर रंगवते, शिंपल्यांच्या गोदामावर नावं,
दुकानावर 'आज रोख, उद्या उधार'.
अक्षरांकडे कुणी मान तिरकी करून बघत नाही.
वाचता आलं तर पैसे देतात, नाही आलं तर बोंबलतात.
बरं चाललं होतं.

मार्चअखेर रोसामेल बार्रिया आला.
त्याची होडी ओहोटीत एका कुशीवर कललेली,
व्यालेल्या गाईसारखी.
'पिवळी कर,' म्हणाला, 'लोण्यासारखी. लिंबासारखी नको.
आणि आधी खरवड. बापाचा रंग फुगलाय.'

जुनं उलथनं घेऊन बसले चिखलात.
पांढऱ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली विटकरी,
मग निळा, शाळेच्या बाकांचा असतो तसा सरकारी,
मग डांबर, मग पुन्हा पांढरा,
आणि तळाशी लाकूड, ओलसर,
झोपेतून उठलेल्या गालासारखं.

एका जागी तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला.
कड पाहिली तर पट्टे. अकरा.
रोसामेलला हाक मारली. तो नखानं मोजत गेला:
'हा लाल, आई गेली त्या वर्षीचा.
बापाला काळा हवा होता, दुकानात लालच होता.
हा हिरवा चर्चच्या दाराचा. डबा मी पळवला होता, सांगू नकोस.'
'आणि हा राखाडी?'
'तो रंग नाही गं. तो चिखल.
त्या वर्षी पैसे नव्हते.'

पापुद्रा खिशात ठेवला.
दुसऱ्या दिवशी खरवडताना हात कुठे थांबत होता,
कुठे खोल जात होता.
इथे हिरव्यावर थांब. इथे लालपर्यंत जा.
इथे राखाडीला हात लावू नको.
तीन दिवस ब्रश उघडला नाही.
भीती वाटली का, आठवत नाही.
भीतीला बहुतेक कोरा कॅनव्हास लागतो,
आणि इथे कोरं काही नव्हतंच.

भरतीची रेघ आली. लोकरी शालीचा काठ आला.
एक कोंबडी आली, ती चुकून.

चौथ्या दिवशी रोसामेल येऊन उभा राहिला.
मान सरळ.
'मी पिवळी म्हटलं होतं.'
'हो.'
'ही पिवळी नाही.'
'नाही.'
होडीला एक फेरी मारली. फळीवर बोटं वाजवली.
'पाणी शिरेल.'
'नाही शिरणार, भरपूर तेल पाजलंय.'
'कोंबडी कशाला?'
'उलथनं घसरलं.'
तो बराच वेळ काठावर बघत होता, शालीच्या.
मग म्हणाला, 'राहू दे.'
अर्धे पैसे दिले, वर जांभळ्या बटाट्यांचं एक पोतं.
'बाकीचे, तरंगली तर.'

नाव तेवढं माझ्या हातानं रंगवलं, पिवळं, लोण्यासारखं.
पोर्फियादा. म्हणजे हट्टी.

गुरुवारच्या भरतीला ती हलली,
आधी जरा कुरकुरत, मग निघालीच.
बाकीचे पैसे अजून आलेले नाहीत.

त्या रात्री शेडमधलं मोडकं कपाटाचं दार
दिव्याखाली आडवं टाकलं.
कुणाकुणाच्या हातांचे थर त्याच्यावर,
एक थर माझाच, विसाव्या वर्षीचा, भयंकर.
पहाटेपर्यंत बसले होते.

सकाळी चहा घेताना पाहिलं,
निम्मं वाईट होतं.
निम्मंच.
कप खाली ठेवला
आणि उलथनं शोधू लागले.